खोल पाण्यातल्या बाभळीपर्यंत लुअर उतरवायचं कसं? (गिरणा धरण)

चाळीसगावचा_गळवाला

राम राम मंडळी. गिरणा धरणावर काठावरून लुअर (नकली आमिष) मारतो, बोट नाही. प्रॉब्लेम असा की जागा माहितीये पण लुअर तिथपर्यंत पोचतच नाही. उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा एक जुना दगडी बांध उघडा पडला होता, त्याच्या कडेकडेनं वेड्या बाभळीची रांग, ती जागा तेव्हाच फोनमध्ये पिन करून ठेवली. आता धरण भरलंय, माझ्या अंदाजानं बांधावर वीस-पंचवीस फूट पाणी असेल. तिथं शिवडा मासा बसतो असं तिथले जाळंवाले लोकही सांगतात आणि त्यांच्या जाळ्यात निघालेला मी स्वतः बघितलाय.

सामान: साडेसात फुटी मिडियम हेवी रॉड, ३००० चं स्पिनिंग रील, ०.४० मिमीचा तंगूस (नायलॉनचा दोर). लुअरमध्ये १० ग्रॅमचं जिग हेड (वजन ओतलेला गळ) आणि त्यावर पॅडल टेल रबर (शेपटी हलवणारा रबरी मासा), आणि एक क्रँकबेट (पुढं पट्टी असलेला कडक नकली मासा) आहे ज्याच्या डब्यावर किती खोल जातं ते १० फूट लिहिलंय. क्रँकबेट तर बांधाच्या खूप वरूनच येतं असं वाटतं, आणि जिग खाली जातं की नाही तेच कळत नाही, दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की तंगुसाला मोठा झोळ पडतो आणि मग हाताला काहीच लागत नाही. आणि जेव्हा खाली पोचतं तेव्हा थेट बाभळीत अडकतं. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, नुसतं "अनुभवानं कळेल" नको.

पाचोरा_एक्स्प्रेस

वजन वाढवा भाऊ. १० ग्रॅमच्या जागी २१ ग्रॅम लावा, दगडासारखं खाली जाईल.

तापीकाठ_भुसावळ

वजन वाढवणं हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. २१ ग्रॅम नक्की खाली जाईल, पण बाभळीत तेवढ्याच जोरात घुसेल, आणि पडताना मासा जे बघतो ते संपून जाईल. शिवडा किंवा कुठलाही शिकारी मासा बऱ्याचदा लुअर पडत असतानाच घेतो, दगडासारखं धाडकन गेलं तर त्याला घ्यायला वेळच मिळत नाही.

तुमचा खरा अडथळा तंगूस आहे. ०.४० म्हणजे जाड दोर झाला. लुअर खाली जाताना स्वतःबरोबर सगळा दोर पाण्यातून ओढत नेतं, दोर जितका जाड तितकं पाणी त्याला धरून ठेवतं. वारा पण त्याच जाडीला धरतो. PE १.५ जाडीची ब्रेड (विणलेला दोर) घ्या, ती साधारण ०.२० मिमी असते म्हणजे तुमच्या तंगुसाच्या निम्मी, आणि ताकद कमी नाही होत. तेच १० ग्रॅमचं जिग तुम्हाला वेगळंच वाटेल. शिवाय तंगूस ताणतो, पंचवीस फुटांवर लागलेला हलका झटका हातापर्यंत येईस्तोवर विरून जातो, ब्रेड ताणत नाही.

ब्रेडचा एक दोष सांगून ठेवतो, ती तरंगते. पाण्याची घनता १ धरली तर ब्रेड साधारण ०.९७, नायलॉन तंगूस १.१५ च्या आसपास आणि फ्लुरोकार्बन १.७८. म्हणून पुढं दीड-दोन वाव फ्लुरोकार्बनचा लीडर (ब्रेड आणि लुअरच्या मधला तुकडा) बांधायचा, तो बुडतो पण आणि बाभळीच्या खोडाला घासलं तरी लवकर तुटत नाही. आणि वाऱ्यात कास्ट (फेक) पडल्या पडल्या रॉडचं टोक पाण्यात खुपसा, म्हणजे दोर पाण्याखाली जातो आणि वाऱ्याला धरायला काही उरत नाही. तुमचा झोळ निम्मा यानंच जाईल.

आता पडण्याचं. बरेच लोक कास्ट पडली की लगेच बेल (रीलवरची दोर अडवणारी तारेची कडी) बंद करून दोर ताठ धरतात. दोर ताठ असला की लुअर सरळ खाली पडत नाही, झोक्यानं तुमच्याकडे सरकत पडतं. पंधरा मीटरवर कास्ट पडली आणि पाणी पंचवीस फूट असेल तर तळ गाठेपर्यंत ते सहा-सात फूट अलीकडे आलेलं असतं. म्हणजे तुम्ही बांधावर टाकलं आणि लुअर बांधाच्या अलीकडच्या चिखलात पडलं. लांबच्या कास्टला हा फरक कमी होतो, चाळीस मीटरवर दोन-अडीच फुटांवर येतो, पण बाभळीच्या रांगेत अडीच फूट पण खूप असतात. म्हणून बेल उघडी ठेवा, दोर बोटावरून सुटू द्या, आणि बघत रहा. दोर टपकन ढिला पडला की तळ आला. मधेच थांबला किंवा बाजूला पळाला तर तळ नाही, मासा आहे, बेल बंद करून रॉडला झटका मारा.

आणि मोजा. लुअर किती वेगात बुडतं हे डब्यावर लिहिलेलं असलं तरी तुमच्या दोरावर, तुमच्या रबरावर ते वेगळं असतं. आपल्याकडे यासाठी सगळ्यात चांगली सोय म्हणजे शेतातली विहीर. मोटर बंद असताना, पाईप आणि केबलपासून लांब, आधी दोरीला दगड बांधून पाणी किती फूट आहे ते बघा. मग लुअर सोडा, पाण्याला टेकल्यापासून एक हजार एक, एक हजार दोन असं मोजा, दोर ढिला पडेपर्यंत. भागाकार केला की तुमचं जिग सेकंदाला किती फूट जातं ते आलं. प्रत्येक लुअरचं असं एकदा काढून डब्याच्या झाकणावर मार्करनं लिहून ठेवा. मग धरणावर तुम्हाला बांधाच्या माथ्यावरून, समजा अठरा फुटांवरून न्यायचंय, तर तेवढं मोजायचं आणि रील सुरू करायचं. तळाला टेकवायचंच नाही. अडकण्याचा निम्मा प्रश्न इथंच सुटतो, कारण शिवड्याला लुअर तळात नको असतं, तो वर बघून झडप घालतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा, रील फिरवलं की लुअर वर यायला लागतं. लांब असताना दोर आडवा असतो म्हणून हळू वर येतं, जवळ आलं की ओढ वरच्या दिशेनं लागते आणि झपकन वर येतं. म्हणून आडोशाच्या (बांध, झाडं) बऱ्याच पलीकडे टाकायचं, आडोसा तुमच्यापासून लांब असतानाच लुअर त्याच्यावरून गेलं पाहिजे, आणि मधे मधे थांबून परत खाली पडू द्यायचं.

हतनूर_जाळंपाटी

वरती भुसावळच्या दादांनी बरोबर सांगितलं. आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी आहे, जाळ्याची, गळाची पण. मी थोडं आमच्याकडचं सांगतो कारण सगळी धरणं एकसारखी नाहीत.

हतनूरला तापी आणि पूर्णा दोन्ही नद्यांचा गाळ येतो, ४१ दरवाजांचं धरण आहे पण गाळानं खूप भरलंय. वरती चांगदेवच्या संगमाकडे तर तळ म्हणजे नुसता मऊ चिखल. तिथं जिग हेड टाकलं की रबरासकट गाळात रुतून बसतं, मासा बघणार काय. तिथं आम्ही वजन खाली आणि गळ वर असं बांधतो, शहरातले पोरं त्याला ड्रॉप शॉट म्हणतात. दोराच्या शेवटाला वजन, त्याच्या दीड-दोन फूट वर गळ आणि रबर. वजन गाळात गेलं तरी आमिष वर मोकळं नाचतं. बाभळीत पण हेच चालतं, वजन खोडाच्या बुडाशी बसतं आणि रबर फांद्यांच्या मधे.

त्यात एक करायचं, वजन बांधायला मेन दोरापेक्षा कच्चा तंगूस वापरायचा. अडकलं तर वजन तुटून जातं, लुअर आणि मासा तुमच्याकडे राहतो. वजनाला शिसं विकत घेऊ नका, शिसं पाण्यात सोडणं चांगलं पण नाही, आपणच ते पाणी पितो. गॅरेजवाल्याकडे जुने स्पार्क प्लग पडलेले असतात, पाच-दहा मागून आणा, वरच्या खाचेत तंगूस बसतो पण चांगला.

आणि एक कळकळीनं सांगतो. तुटलेला तंगूस, ब्रेड काठावर टाकू नका. हिवाळ्यात हतनूरच्या पाण्यावर लांब लांबचे पक्षी उतरतात, त्यांच्या पायात तो गुंततो. मी सोडवलेत असे बगळे. खिशात घालून घरी न्या. आणि धरणावर जायच्या आधी तिथल्या मच्छीमार सोसायटीला विचारा, धरणातली मासेमारी ठेक्यानं दिलेली असते, गरिबांचं पोट त्यावर आहे. विचारून गेलं तर तेच लोक तुम्हाला जागा दाखवतात. जाळ्याचे थर्माकोलचे फ्लोट दिसले तर त्या बाजूला लुअर मारूच नका.

पाचोरा_एक्स्प्रेस

स्पार्क प्लगची आयडिया जबरदस्त 👌

शिरपूर_मरळप्रेमी

मरळसाठी पण हे चालेल का? आमच्याकडे अनेरला मरळ आहे, मी वरती फ्रॉगच (तरंगणारा रबरी बेडूक) मारतो, खोल पाण्यात कधी टाकलं नाही.

साक्री_नोंदवही

शिरपूरवाले भाऊ, मरळला खोलात शोधू नका. मरळ हवेतला श्वास घेते, ठराविक वेळानं तिला वर येऊन तोंड उघडावंच लागतं, म्हणून ती उथळ पाण्यात, पाणगवतात, काठाच्या पानांखाली राहते. पंचवीस फुटांवर तुम्हाला शिवडा, शिंगाळा मिळेल. तुमचा फ्रॉगच बरोबर आहे.

आता मूळ प्रश्नाला दोन गोष्टी जोडतो, त्या कोणी बोललं नाही अजून.

एक, खोली कशी काढायची. पेपरात येतं गिरणा ५० टक्के, लोक समजतात अर्धी खोली. तसं नसतं. धरणाचं पोट कढईसारखं वर पसरत जातं, खाली अरुंद वर रुंद, म्हणजे साठा निम्मा असला तरी खोली निम्म्यापेक्षा बरीच जास्त असते. वर ती टक्केवारी बहुतेक वेळा उपयुक्त साठ्याची असते, गिरणेत त्याच्या खाली सुमारे ३ टीएमसी मृतसाठा वेगळाच. म्हणून टक्के बघू नका, पाण्याची पातळी मीटरमध्ये बघा, पाटबंधारेवाल्यांच्या रोजच्या तक्त्यात ती असते. उन्हाळ्यात ज्या दिवशी पाणी बरोबर बांधाच्या माथ्याला लागलेलं असेल त्या दिवसाची पातळी लिहून ठेवायची. आजची पातळी वजा ती पातळी, हीच बांधावरची आजची खोली. मीटरला साडेतीननं थोडं कमी, ३.२८ नं गुणलं की फूट आले. अंदाज बांधायची गरजच नाही. तुमच्याकडे फोटो असेल तर त्याची तारीख बघून जुना आकडा पण काढता येईल.

अजून चांगलं म्हणजे गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्यांना विचारा. पाणी उतरलं की जे लोक बुडीत जमिनीत गाळपेर करतात त्यांना कुठं जुनी विहीर आहे, कुठं पाय रुतत नाही असा मुरूम आहे, कुठं नाला वळतो हे पाठ असतं. जुन्या नाल्याचं वळण आणि त्याच्या काठची झाडं, मला विचाराल तर ही जागा बांधापेक्षा पण चांगली.

दोन, खोल म्हणजे मासा असेलच असं नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ४५ अंशापर्यंत ऊन, वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं गार पाणी जड म्हणून खालीच बसतं, दोन्ही मिसळत नाहीत. तळाला पाला, फांद्या कुजत असतात, ते कुजणं खालचा प्राणवायू खाऊन टाकतं. तेव्हा खोल धरणात एकदम तळाला लुअर नेणं म्हणजे जिथं मासा राहूच शकत नाही तिथं नेणं. त्या दिवसांत झाडाच्या शेंड्याजवळून न्या. थंडीत रात्री वरचं पाणी गार होऊन खाली जातं, पाणी वरखाली मिसळतं, तेव्हा तळाशी जायला हरकत नाही. आत्ता पावसाळा संपता संपता वरून येणारं पाणी गढूळ असतं, तर चमकीपेक्षा पाण्यात थरथरणारं लुअर घ्या, शिवड्याला लांब मिशा आहेत, डोळ्यापेक्षा तो त्यांच्यावर जास्त चालतो.

चाळीसगावचा_गळवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. विहिरीची गोष्ट आजच केली, आमच्या मळ्यातल्या विहिरीत. जिग मला वाटत होतं त्यापेक्षा कितीतरी हळू जातंय, म्हणजे मी मोजायला सुरुवात करून जेव्हा रील फिरवायचो तेव्हा ते निम्म्या वाटेत पण नसणार. ब्रेड ऑर्डर केली.

अजून तीन शंका. क्रँकबेट आता टाकूनच देऊ का? बाभळीत जिग अडकू नये म्हणून काय? आणि अडकलंच तर सोडवायचं कसं, मागच्या वेळी एक मुलगा पाण्यात उतरायला निघाला होता, मी धरून बाहेर काढला.

गिरनाथडीना_पोऱ्या

भाऊ पानीमा उतरानं नाही म्हणजे नाही. लुअर दोनशे रुपयानं, जीव एकच शे.

तापीकाठ_भुसावळ

पहिलं तेच. पाण्याखालच्या बाभळीत पाय, कपडा, दोर काहीही गुंततं, आणि गाळात पाय रुतला की पोहता येणारा माणूस पण निघत नाही. त्या मुलाला तुम्ही धरलं ते फार बरं केलं.

क्रँकबेट टाकू नका. ते पुढच्या पट्टीमुळे खाली जातं, ओढाल तेवढा वेळ पट्टी त्याला दाबत नेते, म्हणून पूर्ण खोलीला ते ओढीच्या मधल्या टप्प्यात पोचतं, सुरुवातीला नाही आणि शेवटी तर नाहीच. डब्यावरचे १० फूट लांब कास्ट आणि बारीक दोर धरून लिहिलेले असतात. तुमच्या जाड तंगुसावर ते सहा-सातच जात असेल. जास्त जोरात फिरवून जास्त खोल जात नाही, एका मर्यादेनंतर उलट लोळायला लागतं. रॉडचं टोक खाली, पाण्याजवळ धरा, ब्रेड आली की अजून थोडं जाईल. पंचवीस फुटांच्या बांधावर त्याचा उपयोग नाही, पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याच बांधावर ते एक नंबर आहे, आणि त्यात एक फार मोठा गुण आहे. ते तरंगणारं असतं. पट्टी फांदीला टकटक लागली की ओढणं थांबवा, दोर ढिला सोडा, ते मागे मागे वर येऊन फांदीतून स्वतःच सुटतं. ओढलंत तर तीन काटे बसले समजा.

जिगचं उघडा काटा हेच दुखणं आहे. बाभळीसाठी टेक्सस रिग करा. गोळीच्या आकाराचं मधे भोक असलेलं वजन दोरात ओवायचं, मग वाकड्या मानेचा वर्म हुक, ३/० किंवा ४/०, आणि हुकचं टोक रबराच्या पाठीत कातडीखाली लपवायचं. फांदीवरून ते घसरतं, मासा चावला की रबर दबून काटा बाहेर येतो. वजन हुकला चिकटून राहिलं पाहिजे, नाहीतर वजन फांदीच्या एका बाजूला आणि रबर दुसऱ्या बाजूला लोंबत राहतं, त्यासाठी दोरात रबरी स्टॉपर येतो तो वजनाच्या मागे सरकवा. १४ ग्रॅमपासून सुरू करा. परवडत असेल तर टंगस्टन, त्याच वजनाला शिशापेक्षा लहान दिसतं आणि दगडाला लागलं की हाताला कडक टक असं कळतं, चिखलात मऊ. थोड्या दिवसांनी तुम्हाला नुसत्या हातानं बांध कुठं सुरू होतो आणि चिखल कुठं ते कळायला लागेल.

अडकलं तर जोर लावू नका, जोरानं काटा अजून रुततो. आधी दोर ढिला सोडून रॉडचं टोक थरथरवा, वजन मागे पडून बऱ्याचदा काटा उलटा सुटतो. नाही सुटलं तर रील आणि रॉडच्या पहिल्या कडीच्या मधला दोर धनुष्याच्या दोरीसारखा ओढून एकदम सोडा. तरी नाही तर काठानं चालत जाऊन उलट्या बाजूनं ओढा, ज्या बाजूनं आत गेलं त्या बाजूनंच ते बाहेर येतं. शेवटी तोडायचं ठरलं तर ब्रेड हाताला गुंडाळू नका, बोट कापतं, काठीला दोन-तीन वेढे मारा, चेहरा बाजूला ठेवा आणि सरळ मागे चाला.

साक्री_नोंदवही

भुसावळच्या दादांच्या टेक्सस रिगला एक पुस्ती. तुम्ही बांधाच्या समोर उभे राहून आडवं मारताय असं प्रश्नावरून वाटतं. तसं केलं की चाळीस मीटरच्या ओढीत लुअर बांधाजवळ फक्त दोन-तीन मीटर असतं, बाकी सगळं रिकामं पाणी. बांध काठाला जिथं येऊन मिळतो तिथं जाऊन उभे रहा आणि बांधाच्या रेषेतच, झाडांच्या एक-दोन फूट बाजूनं मारा. मग पूर्ण ओढ आडोशाच्या कडेनं होते आणि फांद्यांच्या आत न जाता बाजूनं जाते. फोनमधली पिन एकच असेल तर पुढच्या उन्हाळ्यात बांधाच्या दोन्ही टोकांना आणि मधल्या मोठ्या झाडांना वेगवेगळ्या पिना टाका, म्हणजे धरण भरल्यावर रेष कुठं जाते ते काठावरून बरोबर धरता येईल.

चाळीसगावचा_गळवाला

बांधाचं एक टोक खरंच काठाला येतं, गुरं पाण्यावर उतरतात त्या वाटेशी. मी आजवर तिथं उभाच राहिलो नाही कारण तिथं पाणी उथळ दिसतं. ब्रेड आली की तिथून १४ ग्रॅमचं टेक्सस मारतो, सोसायटीच्या लोकांशी बोलूनच जाईन. काय होतं ते इथंच टाकतो.